ओर्तेन्सियाबाईंच्या घराण्याचं तत्त्वज्ञान

सुगंध हा स्मृतीचा पहिला आणि शेवटचा आश्रय आहे. हे वाक्य दोहातल्या एका मोठ्या मॉलमध्ये, काळ्या संगमरवरी भिंतीवर, इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही भाषांत सोनेरी अक्षरांनी लिहिलेलं आहे. खाली एका इटालियन अत्तरघराण्याच्या मूळपुरुषाचं नाव आहे. त्या गृहस्थांनी हे वाक्य कधी उच्चारलं नाही. ते मी लिहिलं. तेव्हा मी बारावीत होते, बिन महमूदमधल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, आणि मला अशी सर्दी झाली होती की शेजारी दूध करपलं असतं तरी कळलं नसतं. अलीकडे मी अल सद्दला राहते, त्यामुळे त्या मॉलमध्ये अधूनमधून जाणं होतं. एकदा मुलगा बरोबर होता. त्याला भिंत दाखवून म्हटलं, "हे मी लिहिलंय." तो म्हणाला, "शुअर, आई." त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो इंग्रजीत देतो, आणि अविश्वास दाखवायला त्या भाषेत एक शब्द पुरतो.

बिन महमूदचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्यात शांतता अशी कधी नसायची. खिडकीतला एसी रात्रंदिवस घरघरायचा. त्याचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत टपटपायचं आणि ते आई तुळशीला घालायची. "हवेचंच पाणी आहे, देवाला चालतं," असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आसपासच्या तीन मशिदींची अजान एकाच वेळी सुरू व्हायची, पण एकाच वेळी संपायची नाही. शेवटची संपता संपता खालच्या मलबारी हॉटेलातला परोटे थापटण्याचा आवाज सुरू व्हायचा. वासांचंही तसंच. काळा मसाला दर उन्हाळ्यात नाशिकहून सुटकेसमधून यायचा. आई तो पिशवीत पिशवी घालून, वर टॉवेल गुंडाळून, बाबांच्या सुटाच्या आत दडवायची. तरी विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा यायला लागल्या की आमची कुठली हे डोळे मिटून सांगता यायचं. पुढे वर्षभर बाबांचा सूट गोड-तिखट वास मारायचा, आणि त्याच सुटात ते युरोपातल्या लोकांना भेटायचे.

समोरच्या फ्लॅटमध्ये श्रीवर्धनच्या सकिनाखाला राहायच्या. त्यांची आणि आईची वाट्यांची देवघेव होती. रिकामी वाटी परत करणं दोघींनाही कमीपणाचं वाटायचं, त्यामुळे ती देवघेव कधी थांबूच शकत नव्हती. खाला बोलायला मोकळ्या होत्या आणि त्यांना सगळं माहीत असायचं. कुठल्या बाजारात कोळंबी ताजी, कुठल्या शाळेत गणिताची बाई चांगली, कोणाचं लग्न मोडणार. त्यातलं अर्धं खरं निघायचं. उरलेल्या अर्ध्याबद्दल आई त्यांना कधी विचारायची नाही.

बाबा एका ट्रेडिंग कंपनीत होते. युरोपातून झुंबरं, नळ, संगमरवर असल्या वस्तू आणून इथल्या नव्या घरांना आणि हॉटेलांना विकायच्या, हे त्यांच्या विभागाचं काम. कंपनीच्या मालकाचा या वस्तूंतला रस हळूहळू गेला. आधी झुंबरं गेली, मग नळ गेले. बाबांनी घरी यावं आणि आईनं ताट वाढता वाढता विचारावं, "आज काय बंद झालं?" शेवटी एकच एजन्सी उरली. उत्तर इटलीतल्या एका गावातल्या छोट्या घराण्याचं सेंट. तेही कागदावरच होतं. एकही बाटली अजून विकली गेली नव्हती. मालक बाबांना म्हणाला, "ही एजन्सी घेणारा कोणी शोध. तो तुलाही घेत असेल तर मी तुला त्याच्याकडे जायला मोकळं करतो. नाहीतर महिनाअखेर खलास." खलास म्हणजे व्हिसा रद्द, म्हणजे आम्ही सगळे परत नाशिकला, आणि माझी बोर्डाची परीक्षा अर्ध्यावर. नाशिकला आमचा फ्लॅट होता. म्हणजे त्याचे खांब उभे होते.

घेणारा एकच दिसत होता. अबू खालिद नावाचे एक जुने कतारी व्यापारी. दुकानं होती, हॉटेलं होती, आणि सुगंधाची आवड होती. ते म्हणाले, मालकिणीला बोलवा, भेटू. बाबांनी इटलीला फॅक्स केला आणि आठ-दहा दिवसांत ओर्तेन्सियाबाई आल्या.

आम्ही कोणीतरी फरच्या कोटातली बाई डोळ्यांपुढे आणली होती. आली ती एक सडपातळ म्हातारी, राखाडी पँट आणि नर्सेस घालतात तसले बूट घातलेली. अंगाला कसलाही वास नव्हता. बाबांच्या आडनावाचं, गोसावीचं, त्यांनी पहिल्या दिवशीच 'गोझावी' केलं, आणि तो उच्चार इतका सहज होता की बाबांना आपण मूळचे त्यांच्याच गावचे असावेत असं वाटू लागलं. हॉटेलातलं जेवण त्यांना आवडेना, म्हणून बाबा त्यांना संध्याकाळी घरी जेवायला आणायला लागले. आई त्यांना ओर्तेन्सियाबाई म्हणायची आणि त्यांच्याशी मराठीतच बोलायची. त्या इटालियनमध्ये उत्तर द्यायच्या. मधल्या इंग्रजीची गरज फक्त बाबांना आणि मला लागायची.

बाई ताटातला प्रत्येक पदार्थ आधी हुंगायच्या. आईला हे पहिल्या दिवशी फार लागलं. "शिळं आहे का बघतायत," ती मला हळूच म्हणाली. मग बाई उठून स्वयंपाकघरात आल्या आणि मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या एकेक करून नाकाशी नेल्या. काळ्या मसाल्याला त्यांनी मान डोलावली. हिंगाची डबी उघडली आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं.

"म्हणतात, हिंग माणसाच्याही आधी खोलीत येतो."

"त्यांना सांग, आमटीत घातला की गप्प बसतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आईकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, त्यांच्या धंद्यात हे एवढं कळायला लोकांची दहा वर्षं जातात. जाताना त्यांनी चिमूटभर हिंग कागदात बांधून मागून घेतला. सकिनाखालांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, त्या विमानात इतर माणसां पण असतील."

घराण्याची कथा मला बाईंनीच सांगितली, कारण ती लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांचा पुतण्या मिलानमध्ये जाहिरातीचं बघायचा. त्यानं एका पुस्तिकेचा मजकूर फॅक्सनं पाठवला होता. त्यात पर्वत होते, चंद्रप्रकाश होता, आणि एका तरुणानं दूर गेलेल्या प्रेयसीसाठी बनवलेला सुगंध होता. इंग्रजी मात्र असं होतं की प्रेयसी डोंगराला भेटायला गेली की तरुणाला, हे समजत नव्हतं. "तुझं इंग्रजी चांगलं आहे," बाबा मला म्हणाले. "जरा नीट करून दे. अबू खालिद यांच्यापुढे वाचायचं आहे." वाचायचंही मीच, असं नंतर ठरलं, कारण बाईंचे उच्चार बाबांना समजत नव्हते आणि बाबांचे कोणालाच.

मी बाईंना विचारलं की ती प्रेयसी कोण. त्या आमच्या सोफ्यावर बसून शेंगदाणे खात होत्या. म्हणाल्या, प्रेयसी वगैरे कोणी नव्हती. आजोबांचं गावात औषधांचं दुकान होतं आणि ते उवांचं औषध बनवायचे. औषध गुणकारी होतं, पण त्याला इतका घाण वास होता की ते लावलेली मुलं शाळेत लगेच ओळखू यायची. आजीनं त्यात संत्र्याच्या जातीच्या एका फळाच्या सालीचं तेल मिसळलं. मग डोक्यात उवा नसलेले लोकही ते मागायला लागले. पुढे कोणीतरी म्हणालं, औषध राहू द्या, नुसतं वरचं द्या. तिथून घराणं सुरू झालं.

"मग हेच लिहू या," मी म्हणाले.

"माझ्या पुतण्याला चक्कर येईल," बाई म्हणाल्या. पण त्यांना कल्पना आवडली होती, असं मला वाटलं.

तत्त्वज्ञानही त्यांच्याकडे होतं, आणि ते एका वाक्याचं होतं. चांगला सुगंध माणसाच्या आधी खोलीत शिरत नाही आणि माणूस गेल्यावर मागे रेंगाळत नाही. मला ते पटलं. मात्र ज्या देशात आम्ही बसलो होतो तिथे माणूस लिफ्टमधून उतरून गेल्यावर दहा मिनिटांनीही कोण होता हे सांगता यायचं, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं, उलट ती त्याची प्रतिष्ठा होती. हे मी बाबांच्या कानावर घातलं. बाबा म्हणाले, "म्हणून तर तू आपल्या मनानं काहीतरी घाल. दोन्हीकडे चालेल असं." म्हणून मी सर्दीनं चोंदलेल्या नाकानं स्मृतीचा आश्रय घातला. त्याचा अर्थ काय, हे मला आजही विचारू नये. पण तो वाचून दाखवल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला आणि ओर्तेन्सियाबाईंनी विचारलं, "याच्यात सुगंध कुठे आहे?"

भेट बाबांच्या शोरूममध्ये ठरली. ते मुशैरिबमध्ये होतं, जुन्या बाजाराच्या गल्लीत, घड्याळवाला आणि शिंपी यांच्या मधल्या जिन्यानं वर. आता तो सगळा भाग पाडून नवा केला आहे; खाली मेट्रो आहे, आणि गल्ल्यांत सावली पडते तीही वास्तुविशारदाला विचारून. तेव्हा तिथे विकली न गेलेली झुंबरं लटकत होती आणि पंखा लावला की किणकिणायची. बाबांनी गालिचा घातला, गाद्या टाकल्या. मग खाण्याचा प्रश्न आला. ओर्तेन्सियाबाईंनी बजावलं होतं की खोलीत अन्नाचा वास नको, नाहीतर सगळा नमुना बिघडेल. आईला हे मान्य नव्हतं.

"वास न येणारं अन्न आजारी माणसाला देतात," ती म्हणाली. "पाहुण्यांना काय पेज वाढू?"

"खजूर आणि कॉफी पुरे आहे," बाबा म्हणाले.

"खजूर त्यांच्या घरी नाहीत का?"

शेवटी शंकरपाळे ठरले, दोन दिवस आधी तळून, उघड्यावर ठेवून, वास उडवून. बाईंनी एक हुंगून परवानगी दिली. सकिनाखालांनी सांदण करून पाठवलं. त्यात फणस होता, त्यामुळे ते घरीच राहिलं आणि आम्ही खाल्लं.

मग सुरुवात कशी करायची, यावर बाबा आणि बाई बोलत बसले. मी तिथेच होते. बाबा म्हणाले, आमच्याकडे कुठल्याही चांगल्या कामाच्या आरंभी धूप करतात. बाई म्हणाल्या, आमच्याकडेही. प्रार्थना सुरू होताना पाद्री धुपाटणं हलवत पुढे येतो. बाबा म्हणाले, आणि इथे तर अत्तराच्या प्रत्येक दुकानात शिरलं की आधी ऊद जळत असतो. दोघांचंही एकमत झालं. नाशिकचा एक हिंदू आणि इटलीची एक कॅथलिक बाई यांनी एका मुसलमान गृहस्थाच्या स्वागतासाठी तोच विधी निवडला, याचं बाबांना मनापासून समाधान वाटलं. मानवजात मुळात एक आहे, अशा अर्थाचं काहीतरी ते त्या दिवशी जेवताना म्हणाले. आईनं त्यांना पोळी वाढली. दुसऱ्या दिवशी ते बाजारात जाऊन पितळी नक्षीचा मबखरा, म्हणजे इथलं धुपाटणं, आणि उदाच्या उत्तम ढलप्या घेऊन आले.

ठरलेल्या दिवशी, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर, अबू खालिद आले. पांढरी दाढी, हातात काठी, बरोबर धाकटा भाऊ आणि दोन पुतणे. लहानपणी वडिलांबरोबर ते मुंबईला राहिले होते, त्यामुळे हिंदी बोलायचे, आणि ते हिंदी मुंबईतल्या दुकानांतलं होतं. "गोसावी साब, क्या झूमर लगाया है," म्हणाले, आणि झुंबराखालीच बसले. ओर्तेन्सियाबाई इस्त्री केलेल्या राखाडी जाकिटात, पुढ्यात पाच बाटल्या आणि कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन बसल्या होत्या. मी हातात मजकूर धरून उभी. बाबांनी सगळ्यांना कॉफी दिली. ख्यालीखुशाली झाली. बाईंचा प्रवास कसा झाला, इटलीत थंडी आहे का. एका पुतण्यानं शंकरपाळं घेतलं. अबू खालिद खजूर खाऊन हात धुवायला आत गेले आणि येऊन बसले. मग बाबांनी मला डोळ्यांनी खूण केली, म्हणजे आता यानंतर तू, आणि स्वतः मबखरा घेऊन पुढे झाले.

तो क्षण मला फार नीट आठवतो, कारण सगळं इतकं सुरेख चाललं होतं. अबू खालिद यांनी मबखरा दोन्ही हातांनी घेतला. धूर दाढीत घेतला, मग डोक्यावरच्या रुमालाची दोन्ही टोकं त्यावर धरली, मग बाह्या. डोळे मिटून एक श्वास घेतला आणि भावाकडे दिला. भावानं तेच केलं. पुतण्यांनी केलं. झुंबरं किणकिणत होती. बाबांच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसलेल्या माणसाचा भाव होता. मी घसा साफ केला. आणि अबू खालिद काठी टेकून उठले.

भाऊ उठला, पुतणे उठले. "बहुत मेहरबानी, गोसावी साब. शुक्रन, मॅडम," म्हणाले, छातीवर हात ठेवला, मला तोंडभरून आशीर्वाद दिला, आणि चौघेही चपला घालून जिना उतरून गेले. खाली गाडीची दारं लागल्याचा आवाज आला. ओर्तेन्सियाबाईंच्या हातात कागदाची पहिली पट्टी तशीच होती.

"ते परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"नमाजची वेळ झाली असेल," बाबा म्हणाले.

"नमाज पढूनच आले होते," मी म्हणाले.

बाबा खिडकीशी गेले, परत आले, मबखऱ्यात काही वाईट पडलं आहे का ते बघितलं, आणि गादीवर बसले. त्यांनी तो धूर स्वतः हुंगला. बाईंनीही हुंगला. ऊद उत्तम होता, त्याबद्दल दोघांचं पुन्हा एकमत झालं.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "शंकरपाळे खाल्ले?"

"एकानं एक खाल्लं."

"मग त्याच्यामुळे नाही," आई म्हणाली, आणि एवढ्यापुरती ती निश्चिंत झाली. पण रात्रीची भांडी आवरल्यावर तिनं पलंगाखालच्या मोठ्या बॅगा ओढून बाहेर काढल्या. मी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसले आणि ते आता कोणत्या शाळेत उपयोगी पडणार, याचा विचार करत राहिले.

सकाळी हॉटेलातून ओर्तेन्सियाबाईंचा फोन आला. त्यांच्या खोलीत फळांची एक टोपली आली होती, एका माणसाला उचलता येणार नाही एवढी. अबू खालिद यांनी पाठवलेली. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की देव मॅडमना लवकर बरं वाटू देवो.

"गोझावी," बाई म्हणाल्या, "मी आजारी आहे का?"

"तुम्हाला काही होतंय का, मॅडम?"

"मला काहीच होत नाहीये. तरी सफरचंदं आली आहेत."

बाबा फोन ठेवून आमच्याकडे बघत राहिले. सकिनाखाला तेव्हा वाटी परत करायला आल्या होत्या. त्यांनी तात्काळ अर्थ लावला. "फळां आली म्हणजे नाय म्हटला समज, वैनी. मोठ्या लोकांचा नकार असाच असतो, गोड." आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि बाल्कनीकडे बोट केलं. "खाला, आम्ही गेलो तर तुळस तुमच्याकडे ठेवाल का?" "ठेवीन गो," त्या म्हणाल्या. "पाणी एसीचाच घालायचा ना?" मग दोघी जणी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ उगीच सुरू होता.

त्यानंतर दोन दिवस काहीच झालं नाही. बाबा शोरूममध्ये जायचे आणि बाटल्या परत खोक्यांत भरायचे. बाई त्यांच्याबरोबर बसून द्राक्षं खायच्या. शुक्रवारी मला बाबांनी बरोबर नेलं, फळांबद्दल आभाराचे चार शब्द इंग्रजीत लिहायला. आमचं आजाराबद्दल काय लिहायचं हे ठरत नव्हतं, तोच जिन्यावर पावलं वाजली आणि अबू खालिद यांचा धाकटा पुतण्या आत आला. नासेर त्याचं नाव. इंग्लंडात इंजिनीअर होऊन आलेला, शंकरपाळं खाल्लेला तोच.

"काकांनी मॅडमची तब्येत विचारली आहे," तो म्हणाला. मॅडमनी तोंडातलं द्राक्ष गिळलं.

"मॅडम चांगल्या आहेत," बाबा म्हणाले. "पहिल्यापासूनच."

"मग तुम्ही धूर का फिरवलात?"

बाबांनी त्याला आरंभ, शुभकार्य, पाद्री वगैरे सगळं सांगितलं. नासेरनं ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्याचं तोंड हळूहळू लाल होत गेलं. मग त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे पाहुण्याला 'आता निघा' असं तोंडानं कधी म्हणत नाहीत. ते फार असभ्य. म्हणून बैठक संपवायची असली की यजमान ऊद फिरवतो. ऊद फिरला की पाहुणा उठला. काका जुन्या वळणाचे. त्यांच्या घरी तर ऊद दाराआड दिसला की लोक चपला शोधायला लागतात. कॉफीचा दुसरा पेला व्हायच्या आत धूर आला तेव्हा काका गाडीत म्हणाले, ती बाई म्हातारी आहे, लांबून आलीय, तिला बरं नसणार, आणि ही माणसं किती खानदानी, तोंडानं एक शब्द बोलली नाहीत.

बाबा झुंबराखाली उभे होते. त्यांना कतारमध्ये येऊन वीस वर्षं झाली होती. या वीस वर्षांत त्यांनी कतारी लोकांना नळ विकले होते, झुंबरं विकली होती, त्यांच्याशी हजारदा काउंटरवरून हसून बोलले होते. एकदाही त्यांच्या घरी पाहुणे म्हणून बसले नव्हते. दुकानातला ऊद त्यांनी रोज हुंगला होता. घरातला कधीच नाही. पाहुणा झालं नाही की निघायची खूण कशी असते, हेही कळत नाही. हे सगळं त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, नाशिकला, कुठलासा दुसराच विषय चालू असताना म्हणाले.

नासेरनं तिथूनच काकांना फोन लावला आणि अरबीत सांगितलं. पलीकडचं हसणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. ते थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. मग फोन बाबांकडे आला. बाबांनी तो जरा लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "गोसावी साब, इतने साल में बहुत कंपनी आई. सब दो घंटा मशीन पे फोटो दिखाती है. आप अकेले हैं जिसने मुझे इतना जल्दी छोड़ा."

"तो फिर आप आएंगे, हाजी? खुशबू देखने?"

"इन्शाल्ला," अबू खालिद म्हणाले.

इथे राहिलेल्या कोणालाही या शब्दाचे सगळे स्वर ओळखता येतात. हा न येण्याचा होता. बाबांचा चेहरा उतरला. पण पलीकडचा आवाज पुढे बोलत राहिला. हात धुवायला आत गेलो होतो, तिथे एक साबण होता, तो कोणाचा? त्याचा वास रात्रीपर्यंत हातावर होता.

तो साबण बाईंचा होता. शोरूमच्या मोरीतला साबण त्यांना सहन झाला नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या बॅगेतली वडी तिथे ठेवली होती. त्यांची बहीण गावातल्या त्या जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत घरच्यापुरते साबण करायची. विकायचा प्रश्नच नव्हता. अबू खालिद यांना तो त्यांच्या हॉटेलांच्या हात धुण्याच्या जागांसाठी हवा होता, सगळ्या. एजन्सी घेऊ, गोसावींनाही घेऊ, पण सेंट नको. साबण.

मी बाईंना हे इंग्रजीत सांगितलं. पुढ्यातल्या खोक्यात त्यांनी आयुष्यभर जुळवलेल्या पाच बाटल्या होत्या आणि त्यांपैकी एकीचंही बूच या देशात कोणी उघडलं नव्हतं. मिलानच्या पुतण्याला काय वाटेल हेही उघड होतं. बाबांनी त्यांना आपल्या व्हिसाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं आणि आता सांगतील अशी चिन्हंही नव्हती. ते खाली गालिचाकडे बघत होते. मग मीच सांगितलं. महिनाअखेर आम्हाला जावं लागेल, आणि घरी आईनं बॅगा काढल्या आहेत. बाबा म्हणाले, "अगं, राहू दे." बाईंना 'राहू दे' समजलं असावं, कारण त्यांनी हातानंच बाबांना थांबवलं.

"रात्रीपर्यंत हातावर होता?" त्यांनी मला विचारलं.

"असं म्हणतात."

"म्हणजे बहिणीची काहीतरी चूक झाली आहे. एवढा वेळ टिकायला नको." त्यांनी आणखी एक द्राक्ष खाल्लं. मग नासेरकडे वळल्या. "बेसिनं किती आहेत?"

नासेरला हे विचारायला पुन्हा फोन करावा लागला.

सकिनाखालांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की उदाचं त्यांना पयल्यापासून ठाऊक होता, पण कोणी विचारलाच नाही. आईनं त्यांची वाटी पुरणानं भरून दिली.

पुस्तिका वर्षभरानं छापून आली. मिलानच्या पुतण्यानं माझं वाक्य आजोबांच्या नावावर टाकलं होतं, उवा गाळल्या होत्या, आणि पाहुणे उठून गेल्यानंतरच्या शांततेवर एक परिच्छेद स्वतः घातला होता. हे घराणं ती शांतता पिढ्यान्‌पिढ्या जाणतं, असं त्यात होतं. ओर्तेन्सियाबाई वारल्यावर घराण्याचं नाव एका मोठ्या कंपनीनं घेतलं. मॉलमधलं ते काळं दुकान त्या कंपनीचं. तिथल्या मुलीला मी एकदा विचारलं की तुमच्याकडे साबण मिळतो का. ती म्हणाली, "मॅम, वी आर अ परफ्यूम हाउस."

मी बारावी दोहातच झाले. तोवर बाबा अबू खालिद यांच्या कंपनीत रुजू झाले होते, आणि नऊ वर्षं त्यांनी हॉटेलांना साबण पुरवला. कंपनीकडे त्या वेळी एकाच हुद्द्याचा व्हिसा शिल्लक होता, त्यामुळे कतार सरकारच्या दप्तरी ती नऊ वर्षं त्यांचा व्यवसाय 'अरबी दुभाषी' असा आहे.